श्रीनंद अपार्टमेंटची कॅसेट

सुहास,

तू गेल्यावर चौथ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ह्यांचं टीव्हीवरचं काही आहे का हो तुमच्याकडे? लोकांना दाखवायला." मी सवयीने हो म्हणालो. मग दोन दिवस माळ्यावरचे खोके खाली काढून बसलो. लग्नं निघाली, मुंजी निघाल्या, कुणाच्या तरी साखरपुड्यात तू पंगतीत जिलेबी खाताना दिसलास, तोही पाठमोरा. चार वर्षं रोज संध्याकाळी साडेसात वाजता तू अर्ध्या बडोद्याच्या घरांत माईक घेऊन उभा असायचास आणि त्यातलं एक मिनिटही माझ्याकडे उरलेलं नाही. उरणार कुठून? आज ज्या कॅसेटवर तू, परवा त्याच कॅसेटवर भाजीवाल्यांचा संप. नवी कॅसेट मागितली की केबलवाले जयेशभाई जुनीच पुढे करायचे. आपण आपल्या हाताने आपल्यालाच पुसत होतो आणि त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं.

आज अकरावा दिवस. मी थकलोय रे. रडून थकलो म्हणावं तर तसा रडलोही नाही. हॉस्पिटलच्या फेऱ्या, स्मशान, येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगणं, हे सगळं झालं, पण तो थकवा दोन दिवस झोपलं की उतरतो. हा वेगळा आहे. तुला एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी पंधरा वर्षं सांगितली नाही. श्रीनंदच्या कॅसेटचं खरं काय झालं, ती. तुला वाटायचं तुला माहीत आहे. तुला माहीत नव्हतं. ज्या माणसाला रोज भेटायचं त्याच्यापासून काही लपवायचं म्हणजे रोज ते आधी बाजूला सारून ठेवावं लागतं आणि मग गप्पा मारायच्या. एवढी वर्षं मी ते केलं आणि तुला साधा संशयही आला नाही, याचा मला कधीकधी तुझाच राग यायचा.

दांडिया बाजारातली ती खोली आठवते ना? जयेशभाईंच्या केबलच्या ऑफिसावरची. दोन व्हीसीआर, एक टेबल, आणि मागे बडोद्याचं चित्र असलेला निळा पडदा, ज्याच्यासमोर तुला बसवून मी कॅमेरा लावायचो. पडद्याला पंख्याचा वारा लागला की तुझ्या मागे बडोदं हलायचं. मी लग्नाच्या शूटिंगमधून आलेलो, तू एका बिल्डरकडची साइट सुपरवायझरची नोकरी सोडून. का सोडलीस विचारलं तर म्हणालास, "पाणी न मारता पाणी मारलं असं वहीत लिहायचा कंटाळा आला." स्लॅब ओतल्यावर तिला आठवडाभर पाणी द्यावं लागतं, नाहीतर ती कच्ची राहते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत मला वाटायचं घर बांधून झालं की झालं.

त्या वर्षांत सगळ्यांनाच फ्लॅट हवा होता. वाडीतल्या, रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतून भाऊ वेगळे होत होते आणि मांजलपूर, तरसाली, वासण्याकडे निघाले होते. जिथे गेल्या वर्षी एरंडीचं शेत होतं तिथे यंदा 'पार्क' आणि 'पॅलेस' उभे. बँका बोलावून कर्ज देत होत्या. सॅम्पल फ्लॅट बघायला लोक जत्रेला जावं तसे सहकुटुंब जायचे. तू चिडायचास. "लोक बाथरूमच्या टाइल्सचा रंग बघून घर घेतात, अन्या. खाली पार्किंगमधल्या कॉलमला कुणी विचारत नाही."

आणि तुझा तो कालथा! तरसालीच्या एका बाईंनी भिंत पोकळ वाजते म्हणून बोलावलं. तू इकडेतिकडे बघितलंस आणि त्यांच्याच ओट्यावरचा कालथा उचलून भिंतीला लावलास. तांदूळ सांडावे तशी रेती खाली आली. त्या बाई "मारो तवेथो!" म्हणून ओरडल्या, भिंतीचं त्यांना नंतर सुचलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात तीच चर्चा. तेव्हापासून कालथा तुझ्या पिशवीत आला, तोही वहिनींच्या रुखवतातला. तू रस्त्याने दिसलास की लोक म्हणायचे, "पेला तवेथावाळा भाई जाय." तुझं गुजराती ऐकून जयेशभाई कपाळाला हात लावायचे, पण तेच गुजराती लोकांना आवडायचं. आपल्यातलाच कुणीतरी चिडलाय, असं वाटायचं त्यांना.

जयेशभाईंची खरी पंचाईत निराळीच होती. आपल्या बातम्या ज्यांच्या जाहिरातींवर चालायच्या ते सगळे बिल्डरच. वासण्याच्या एका फ्लॅटचं छत गळताना तू दाखवलंस आणि लगेच पुढच्या मिनिटाला त्याच बिल्डरची जाहिरात लागली, हसरं कुटुंब आणि 'सपनानुं घर'. जयेशभाई जिना चढून वर आले. "सुहासभाई, जेनी जाहेरात चाले छे एनी ज वाट लगाडो छो? कंईक तो समजो!" तू शांतपणे म्हणालास, "एमां खोटुं शुं छे? पहेलां घर बतावीए, पछी एनी जाहेरात." मी कॅमेऱ्याच्या मागे तोंड दाबून हसत होतो. ते चांगले दिवस होते. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं की मी आयुष्यात कधीच त्या चार वर्षांइतका खुशीत नव्हतो.

भांडण आपलं एकाच गोष्टीवरून व्हायचं. बोलावणारे लोक बोलवायचे, चहा द्यायचे, ओल दाखवायचे, कुणी रडायचंसुद्धा. आणि निघताना दारात हात जोडायचे, "सोसायटीनुं नाम ना बतावता हं भाई. छोकरीने जोवा आववाना छे." मुलीला बघायला पाहुणे यायचे असायचे. पुढेपुढे तर आपण कॅमेरा घेऊन पोचायच्या आत फाटकावरच्या नावाच्या बोर्डावर चादर टाकलेली असायची. फुलाफुलांची डबलबेडची चादर. तू ती ओढून काढायला जायचास आणि मी तुझा हात धरायचो. "ज्या घरात राहायची यांना भीती वाटते," तू म्हणायचास, "ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायची मात्र वाटत नाही." मी म्हणायचो, "तुझं स्वतःचं फ्लॅटमध्ये काही अडकलेलं नाही, तुला बोलायला काय जातं?" तू म्हणायचास, तेही खरं. पण चादर काढायचा हट्ट सोडायचा नाहीस.

मग श्रीनंद. गणपती बसायच्या आधी आठवडाभर मांजलपूरहून तळमजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर कॉलमला घासली आणि प्लास्टरचा पोपडा निघाला. आत बघा एकदा, म्हणाले. श्रीनंदचं नाव ऐकल्यावर मीच तुला म्हणालो, "अरे, ताई राहते तिथे." तू म्हणालास, मग तर जायलाच हवं.

सिमेंट नावालाच होतं. खडी सुटी दिसत होती, मधे पोकळ्या, आणि सळ्या गंजून लाल झालेल्या. तू कालथा घातलास आणि तो मुठीपर्यंत आत गेला. एरवी अशा वेळी तू कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी झणझणीत बोलायचास. त्या दिवशी तू कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे वळलास. मग हळू आवाजात, मराठीत विचारलंस, "ताई कितव्या मजल्यावर?" मी तिसऱ्या म्हणालो. आपण दोघांनी एकदम वर बघितलं.

वर ताईने आपल्याला वरणफळं वाढली. तू नेहमीसारखं त्यांना दाळढोकळी म्हणून तिला चिडवलंस, पण ते चिडवणंही त्या दिवशी उरकल्यासारखं होतं. भावोजी जाऊन दोन वर्षं झाली होती. भाचीला पुण्यात नोकरी लागलेली. ताईला फ्लॅट विकून तिच्याकडे जायचं होतं, आणि दवे म्हणून एक तरुण जोडपं बघून पसंत करून गेलं होतं. तू तिला सगळं स्वच्छ सांगितलंस. ती ऐकून म्हणाली, "तू म्हणतोस ते खरंच असेल, सुहास. पण मी चार वर्षं राहिले की इथे. पडायची असती तर पडली नसती का?"  तू स्कूटर काढायला खाली गेलास तेव्हा तिने माझा हात धरला. "अनिल, हे टीव्हीवर आलं तर मी कुठे जाऊ? तुझ्या हातात आहे रे."

येताना स्कूटर मी चालवत होतो आणि तू मागे, मांडीवर कॅमेरा घेऊन.

"अनंत चतुर्दशी झाली की दाखवू," तू म्हणालास. "बोर्डासकट."

"ताईचं होऊ दे आधी. मग काय दाखवायचं ते दाखव."

"मग कुणाला दाखवू? दव्यांना? सामान लावून झाल्यावर?"

"सुहास, ती माझी बहीण आहे."

"आणि दवे कुणाचेच कुणी नाहीत का?"

मी स्कूटर थांबवली आणि तुला उतर म्हणालो. तू उतरलास. कॅमेरा माझ्या गळ्यात नीट अडकवलास, पट्टा सरळ केलास, आणि रिक्षाने गेलास. ते भांडण आपण पुढे कधी पुरं केलं नाही. तू ते विसरलास असं मला वाटायचं. मी आजही अंघोळ करताना तुला उत्तरं देतो, आणि दरवेळी तूच जिंकतोस.

आता सांगतो. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक शूट करायची होती. दहा दिवसांत मंडळांच्या शूटिंगमुळे कॅसेटी कमी पडत होत्याच, हे तुलाही माहीत होतं. पण माझ्या पिशवीत त्या दुपारी आणखी दोन मोकळ्या कॅसेटी होत्या. श्रीनंदची कॅसेट तू कपाटात वरच्या फळीवर, वेगळी ठेवली होतीस. तिच्यावर मलमपट्टीची पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनने लिहिलं होतंस, 'श्रीनंद, कॉलम. पुसू नये.' 'पुसू नये'खाली दोन रेघा होत्या. मी ती पट्टी नखाने सोडवली. सगळी एकदम निघाली नाही, एक कोपरा राहिला, तो थुंकी लावून काढला. पट्टीची गोळी करून खिशात टाकली, कॅसेट कॅमेऱ्यात घातली आणि सुरसागर तलावापर्यंत ढोलताशे शूट करत गेलो.  ताईचा चेहरा डोळ्यासमोर होता आणि आपण बरोबर करतोय असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तू कॅसेट शोधायला लागलास. मीच ती काढून लावली. स्क्रीनवर गुलाल. तू पुढे ढकललीस, मागे घेतलीस, पुन्हा पुढे. सगळीकडे गुलाल. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "लेबल लावलं नव्हतं का रे मी?"

मी म्हणालो, "नव्हतं."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. मी पुढचं भांडण मनात तयार करून ठेवलं होतं, तू आरडाओरडा करशील, मी चढा आवाज लावीन. तू खुर्चीवर बसलास आणि डोकं धरलंस. जयेशभाई वर आले, त्यांनी दोघांना झापायला सुरुवात केली, तर तू मधे पडून सगळं अंगावर घेतलंस, "अनिलने ना बोलता. मारी भूल छे. लेबल रही गयुं." ते निघून गेल्यावर मलाच म्हणालास, "सॉरी, अन्या. तुझ्याशी भांडायच्या नादात गाफील राहिलो." मला त्या क्षणी सांगता आलं असतं. तू माझी माफी मागत होतास, यापेक्षा चांगली वेळ कुठली होती?

तू पुन्हा शूटिंगला गेलास, माझ्याशिवाय, कुणाचा तरी कॅमेरा मागून घेऊन. तोपर्यंत सोसायटीने कॉलमला प्लास्टर मारून पिस्ता रंग लावून टाकला होता. मास्तरांनी दार उघडलं नाही. मग तू निळ्या पडद्यासमोर बसून नुसतं तोंडी सांगितलंस, मांजलपूरच्या एका अपार्टमेंटमध्ये असं असं आहे. चित्र नाही, नाव नाही. कुणी लक्ष दिलं नाही. दिवाळीनंतर ताईचा फ्लॅट दव्यांनी घेतला आणि ताई पुण्याला गेली.

दोनेक वर्षांनी सव्वीस जानेवारीच्या सकाळी भूकंप झाला. बायको आणि मुलगी खाली मैदानात सुखरूप आहेत हे बघितलं आणि मी त्यांना काहीही न सांगता स्कूटरला किक मारली. मांजलपूरला पोचेपर्यंत मला रस्ता दिसत होता की नाही, आठवत नाही. श्रीनंदची माणसं रस्त्यावर उभी होती, शाली गुंडाळून, कुणाच्या हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. आणि त्यांच्या पुढे तू, माझ्या आधी आलेला. कॅमेरा नाही, माईक नाही, पायात घरातल्या सपाता.

"तू इथे कसा?" मी विचारलं.

"इकडून चाललो होतो."

"मी पण," मी म्हणालो.

वासण्यात राहणारा माणूस सपाता घालून मांजलपूरवरून कुठे जात असेल, हे मी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस. आपण रस्त्याकडेच्या चहाच्या लारीवर चहा घेतला. तू इमारतीकडे बघून म्हणालास, "उभी आहे." मला एवढं हलकं वाटलं की वाटलं, आता सांगून टाकावं, आता काय बिघडणार? पण त्याच दुपारी अहमदाबादच्या बातम्या यायला लागल्या. अख्खी अपार्टमेंट बसलेली, लोक आत. त्यानंतर काय सांगणार होतो? नशिबाने वाचलेल्या माणसाच्या तोंडी कबुली शोभत नाही, असं काहीतरी कारण मी स्वतःला दिलं. कारणं मला नेहमीच चटकन सुचतात.

मग मोठी चॅनेलं आली, जयेशभाईंनी बातम्या बंद केल्या. मी परत लग्नांकडे वळलो आणि तू वॉटरप्रूफिंगचं दुकान काढलंस. मी तुला चिडवायचो, "आधी भोकं दाखवायचास, आता बुजवतोस." तू म्हणायचास, "दाखवून काही होत नाही रे." पूर्वीचा तू असतास तर त्यावर तासभर बोलला असतास. आता एवढंच म्हणून चालायला लागायचास. रविवारी संध्याकाळी कमाटीबागेत चालायचं, शेव-उसळ खायची, राजकारणावर चार शिव्या द्यायच्या आणि घरी जायचं. दर रविवारी मी ठरवून यायचो आणि न सांगता जायचो. या रविवारांबद्दल मी तुझा ऋणी आहे. ते नसते तर मी केव्हाच आंबलो असतो.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या मंगळवारी तुझा ऑक्सिजनचा मास्क थोडा वेळ काढला होता. मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "सुहास, ती श्रीनंदची कॅसेट..." तू हात वर केलास. मला वाटलं, थांब म्हणतोयस. तू छताकडे बोट दाखवत होतास. "वरची टाकी गळतेय. तो डाग बघ. परवा नव्हता." मग तुला खोकला आला आणि नर्सने मला बाहेर काढलं. मी बाहेर बाकावर बसलो आणि, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.

परवा तुझं बेसणं होतं. आपल्या मराठी घरांतूनही आता गुजराती पद्धतीने बेसणं ठेवतात, सांत्वनाला येणाऱ्यांनी येऊन बसायचं, चार ते सहा, पांढऱ्या कपड्यांत, कुणी फार बोलत नाही. मी दाराजवळ चपलांपाशी बसलो होतो. गर्दी पातळ झाली तेव्हा एक बाई वहिनींसमोर येऊन बसल्या. "मने नहीं ओळखो. हुं श्रीनंदथी आवी छुं. त्रीजे माळे. दवे."

मी उठायला हवं होतं, पण चपलांपाशीच बसून राहिलो. त्या मोडक्या मराठीत बोलायचा प्रयत्न करत होत्या, मधेच गुजरातीत जात होत्या. म्हणाल्या, आम्ही सौदा पक्का केला तेव्हा सुहासभाई आमच्या सासरच्या घरी आले होते. घेऊ नका म्हणाले. आम्ही पुरावा मागितला. तेव्हा म्हणाले, पुरावा होता, तो माझ्या हातून गेला. आम्हाला वाटलं बिल्डरशी काही वैर असेल, आम्ही ऐकलं नाही. भूकंपात कॉलमला चिरा गेल्या तेव्हा आम्हाला ते आठवले. मग सहा महिने दर रविवारी सकाळी ते यायचे. सोसायटीच्या मीटिंगा घ्यायचे, शिव्या खायचे. शेवटी सगळ्या कॉलमना नव्या सळ्या बांधून, जाड करून घेतले, तेव्हा गेले. एक कप चहाखेरीज आमचं काही घेतलं नाही.

"में पूछ्युं हतुं," दवेबेन म्हणाल्या, "भाई, तमे अमारा माटे आटलुं केम करो छो? तो कहे, एक पट्टी चोंटाडवानी हती, बेन. एटलुं ज काम हतुं. हुं भूली गयो."

पट्टी चिकटवायला विसरलो, एवढंच तू त्यांना सांगितलंस. रविवारी सकाळी तिथे आणि संध्याकाळी माझ्याबरोबर बागेत. एक शब्द बोलला नाहीस.

वहिनी म्हणाल्या, "त्या कॅसेटचं फार लावून घेतलं होतं ह्यांनी. तेव्हापासून घरातली एक बरणी बिननावाची ठेवली नाही. मीठसुद्धा मीठ म्हणून लिहिलेलं. स्वयंपाकघरात येऊन बघा." मी येऊन बघायची गरज नव्हती. मी त्या बरण्या हजार वेळा बघितल्या होत्या, आणि कंपाउंडर म्हणून तुझी थट्टा केली होती. तू हसायचास. म्हणायचास, विसरभोळ्या माणसाला हे बरं असतं.

तू विसरभोळा नव्हतास, सुहास. मी तुला केलं. माझं खोटं मी विसरायच्या प्रयत्नात होतो, आणि तू ते खरं धरून त्याची भरपाई करत होतास.

मी उठलो. दवेबेन, वहिनी, तुझा मेहुणा, आणखी चारपाच माणसं होती, मला आता त्यांचे चेहरेही आठवत नाहीत. मी म्हणालो, "वहिनी, लेबल होतं. सुहासने लावलं होतं. मी काढलं आणि मुद्दाम त्याच्यावर मिरवणूक शूट केली. बहिणीसाठी. त्याने विचारलं तेव्हा नव्हतं म्हणून सांगितलं." गुजरातीत पुन्हा एकदा सांगितलं, दवेबेनसाठी. आवाज माझाच होता, पण फार म्हातारा वाटला.

दवेबेननी पदर तोंडाला लावला. त्या रागावतील असं वाटलं, त्या नुसत्या बघत राहिल्या.  वहिनी म्हणाल्या, "आजारी पडायच्या आधीसुद्धा म्हणाले होते मला. मी लिहिलं होतं असंच वाटतं गं अजून, म्हणाले, खाली दोन रेघा मारल्याचंही आठवतं. पण अनिल नव्हतं म्हणाला, म्हणजे नसेलच. तो कशाला खोटं बोलेल?"

 वहिनी जमिनीला हात टेकून उठल्या, तुझ्या फोटोसमोर गेल्या, हार थोडा बाजूला केला आणि तुला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? लावलं होतं तुम्ही. तुम्ही लेबल लावलं होतं."